मोरी मोकळी आहे, दादा

करंजवाडी, खालची आळी
२१ एप्रिल

दादा,

कमळचा नमस्कार. तू फोन उचलत नाहीस. मनीषला केला की तो "बाबा झोपलेत" म्हणतो, मग सकाळ असो की संध्याकाळ. अकोल्यात माणूस इतका झोपतो यावर माझा विश्वास नाही, म्हणून पत्र लिहिते. पोस्टमन हातात देईल. पुढं उघडायचं की नाही ते तुझं तू बघ.

गेल्या पावसाळ्यातलं भांडण उगाळायला बसलेली नाही. पण तुझं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. आळीत पाणी शिरलं, सुंदरामावशीच्या शेळ्या दाव्याला बांधलेल्याच बुडाल्या, आणि तानाजी देवळापुढच्या सभेत सगळ्यांदेखत तुला म्हणाला, "गोरख, तू भाड्याच्या खोल्या बांधायला वढ्यात भराव टाकलास, भित घातलीस, म्हनून पानी आमच्या घरात आलं." तेव्हा तू म्हणालास, "भितीनं न्हाई, मोरीत कचरा तुंबला म्हनून आलं." कोणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तू घराला कुलूप लावलंस आणि वहिनींना घेऊन गेलास.

तर आता ऐक. रस्त्याखालची मोरी साफ झाली. ग्रामपंचायतीनं जेसीबी लावला होता. काय काय निघालं म्हणून सांगू. गाद्या, शहाळी, कपाटाचं एक दार, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा लगदाच्या लगदा. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. ते एवढे निघाले की धुऊन घेतले असते तर एका मांडवाला पुरले असते. तानाजी काठावर उभा राहून बघत होता. मी मोरीकडं कमी आणि त्याच्या तोंडाकडंच जास्त बघत होते.

पुलाजवळचा उकिरडाही उचलला. पुन्हा कोणी तिथं टाकू नये म्हणून बायकांनी जागा सारवून कुंड्या मांडल्यात. आता कचरा गाडीत द्यायचा, गाडी दारात येते. ओला रोज घेतात, सुका मंगळवारी आणि शुक्रवारी. दोन्ही वेगळं ठेवायचं. पहिल्या आठवड्यात लोकांनी लई कुरकुर केली, आता बादल्या घेऊन आधीच उभे असतात. गाडी हिरवी आहे, बॅटरीवरची. ती आवाजच करत नाही, म्हणून वर भोंगा बसवलाय.

गाडीवर एक बाई आहे. चालवते बरी. वळणावर जरा घाबरते, पण शिकेल.

आमचे हे बरे आहेत, उरवड्याच्या कंपनीत पाळीला जातात. तुझ्या अंगणातल्या शेवग्याला लई शेंगा लागल्यात. आम्ही काढून खातो, तेवढं सांगून ठेवते.

तुझी,
कमळ

*

१२ मे

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे घरात तरी घेतलंस.

मागच्या वेळी एक गोष्ट अर्धीच सांगितली. गाडीवरची बाई मीच आहे.

तू उठून उभा राहिला असशील, तर बस. आमच्या चुलत सासऱ्यांनी आधीच सगळं बोलून घेतलंय. "आपल्या घरची बाई गावाचा कचरा गोळा करनार व्हय?" मी म्हटलं, मामंजी, एकट्या गावाचाच नाही, तुमचाही करणार, उद्यापासून दोन बादल्या ठेवा. हे हसले, पण तोंड फिरवून.

ह्यांनीच शिकवलं मला. शाळेच्या मैदानात रोज संध्याकाळी. पहिल्या दिवशी मी कुंपणाला लावली. कुंपण वाकलं, गाडीला काही झालं नाही. हे शेजारी बसून इतके घट्ट धरून होते की उतरल्यावर त्यांचीच बोटं सरळ होईनात. आता मी वरच्या आळीचा चढ चढवते, देवळाजवळ एका दमात वळवते. मागच्या बाजूला धाकलू उभा असतो. वरच्या कातकरी वाडीतला, तू ओळखतोस, लग्नात ताशा वाजवायचा तो. तो बादल्या घेतो, मी गाडी धरते. आमचं जमतं. तो फार बोलत नाही, आणि बोललाच तर मला तोडूनच बोलतो. परवा मी जोरात वळवली तर म्हणाला, "बाई, मी कचरा न्हाई. मला पाडू नगं."

कामगारांच्या खोल्यांपाशी हिंदी बोलावं लागतं. एका बिहारी पोरीनं विचारलं, "दीदी, हड्डी गीला है कि सूखा?" मला कुठं माहीत? ग्रामसेवकांना विचारलं, ते म्हणाले, विचारून सांगतो. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आम्ही ओल्यात घेतो.

सुंदरामावशीकडं ओला कचरा नसतोच, सगळा शेळ्या खातात. तिनं पुन्हा नव्या शेळ्या घेतल्यात, त्यांना करडंही झालीत. पण गाडी आली की ती रिकाम्या हातानं बाहेर येते आणि मला चहा पाजल्याशिवाय पुढं सोडत नाही. तुझ्याविषयी विचारते. रागानं नाही.

मी हे काम का धरलं ते विचारशील. घरात बसून अंग जड झालं होतं, हे एक. दुसरं तुलाच सांगते, इथं कोणाला सांगितलेलं नाही. मोरी पुन्हा तुंबली तर सगळं पुन्हा तिथंच येणार, कोण खरं नि कोण खोटं. मोरी मोकळी राहिली, आणि भिंत असूनही पावसात पाणी आलं नाही, तर तुझं खरं ठरेल. मग तानाजीला देवळापुढं उभं राहून तसं म्हणावं लागेल. म्हणून मी रोज फेरी संपली की पुलावर गाडी थांबवते, उतरते आणि मोरीत वाकून बघते. एक पिशवी दिसली तरी धाकलूला खाली उतरवते.

आज बघितलं. पलीकडचा उजेड दिसतो.

कमळ

*

७ जून

दादा,

हे पत्र जरा नीट वाच.

तालुक्याहून इंजिनियर आले होते. त्यांनी ओढा वरपासून खालपर्यंत मापला. मोरीपाशी ठीक आहे म्हणाले. पण तुझ्या जागेपाशी, तुझ्या दगडी भिंतीमुळं, ओढा निम्म्याहून कमी उरलाय. वळणही अडलंय. कागदपत्रं करून नोटीस काढायची तर पावसाळा निघून जाईल, तुम्ही आपसात मिटवा, असं सांगून ते गेले.

संध्याकाळी देवळापुढं सगळे बसले. पोरं म्हणाली, त्यात विचारायचं काय, उद्याच जेसीबी घालू. मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही, पण भोंगा लावून रोज गावभर फिरते, तेव्हा आवाज निघाला. मी म्हटलं, "भिंत दादानं स्वतःच्या हातानं रचलीय. तो हितं न्हाई. त्याला विचारल्याबिगर दगडाला हात लावायचा न्हाई. मोरी मोकळी हाय. ह्या पावसात बघा."

तानाजी म्हणाला, "आनि पानी आलं तर?"

"आलं तर मी सोता त्याला कळवीन. मग तो सांगंल तसं."

तो सगळ्यांकडं बघून म्हणाला, "कचरा बी व्हताच. मोरीतनं काय निघालं त्ये मी उभा ऱ्हाऊन बगितलंय. कमळी म्हनती तसं करू."

हे त्याचं वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहून पाठवते, दादा. तू इथं असतास तर त्याच्या तोंडून ऐकलं असतंस.

तू मला एवढंच कळव: भिंत राहू दे, की थोडी मागं घेऊ. "नाही" म्हणालास तरी चालेल. काहीच न कळणं मात्र चालत नाही, कारण रोज आळीत फिरावं लागतं आणि रोज कोणीतरी विचारतं.

कमळ

*

२० जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं. मला नाही, तानाजीला. त्याचं मी पुढं लिहिते. आधी काय झालं ते सांगते, कारण तू फोनवर दोन शब्द बोललास आणि ठेवलास.

चार-पाच दिवस पाऊस थांबलाच नव्हता. गुरुवारी सकाळी फेरीला निघाले तेव्हा ओढा लाल झाला होता, पण वाहत होता. पुलावर थांबून बघितलं. मोरीतून पाणी एवढ्या जोरात निघत होतं की बघतच राहावं. कुठं अडकलं नाही, फुगलं नाही. मला इतका आनंद झाला की मी धाकलूला म्हटलं, "बघ, आमचा दादा म्हनत व्हता." धाकलू वरच्या अंगाला बघत होता. तो म्हणाला, "बाई, हितं न्हाई. तितं बगा."

तुझ्या भिंतीपाशी पाणी उभं राहिलं होतं. त्याला जायला जागाच नव्हती. मागून येणारं त्याच्यावर चढत होतं, आणि बघता बघता ते सुंदरामावशीच्या परसातून आळीत वळलं.

मी पुढचं काही ठरवलं नाही, गाडी मावशीच्या दारात नेली. मावशी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून दावी सोडत होती, आणि तिच्या हाताला गाठ सुटत नव्हती. धाकलूनं कोयत्यानं दावी तोडली. गाडी अजून रिकामीच होती. आम्ही शेळ्या ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात घातल्या आणि करडं सुक्याच्या. मावशी माझ्या शेजारी बसली, मांडीवर सगळ्यात लहान करडू. भोंगा बंद करायचं मला सुचलं नाही. शाळेपर्यंत तो ओला कचरा, सुका कचरा ओरडत होता आणि मागून शेळ्या ओरडत होत्या. मास्तरांनी पाचवीचा वर्ग उघडून दिला.

परत आले तर आळीत गुडघ्याएवढं पाणी. रस्त्याच्या कामाचा जेसीबी फाट्यावरच होता, पोरांनी तो आणला. पण ड्रायव्हर म्हणाला, मालकाच्या शब्दाशिवाय भिंतीला लावणार नाही, उद्या पोलिसात मला जावं लागंल. त्याचं बरोबर होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सभेत शब्द दिला होता.

मग मी पुलावर जाऊन मोरीचा व्हिडिओ काढला, तिथून चालत तुझ्या भिंतीपर्यंत, आणि वहिनींच्या फोनवर पाठवला. खाली लिहिलं, मोरी मोकळी आहे, दादा. बघ.

हे पाठवताना मला रडू आलं. ते पाणी आलं म्हणून नाही. एप्रिलपासून मी ती मोरी तुझ्यासाठी जपली होती, आणि तिनंच तुझ्याविरुद्ध साक्ष दिली.

मग तानाजीचा फोन वाजला. नंबर तुझाच होता, तो मला दाखवत म्हणाला, "ह्याचा फोन? मला?" पाऊस एवढा होता की त्यानं स्पीकरवर लावला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणालास, "तान्या, फोड." तो म्हणाला, "गोरख, जोतं बी जाईल." तू म्हणालास, "जाऊ दे," आणि ठेवलास.

तुला तिथलं दिसलं नाही म्हणून सांगते. तानाजी फोन हातात धरून तसाच उभा राहिला. पोरं "चला, चला" करत होती. त्यानं त्यांना थांबवलं. पाण्यात उतरून तुझ्या भिंतीपर्यंत गेला, कुठून फोडलं तर खोल्यांच्या जोत्याचं कमी नुकसान होईल ते हातानं चाचपून बघितलं, आणि मगच ड्रायव्हरला खूण केली. तरी कोपऱ्यातलं जोतं गेलं. ओढ्याकडच्या खोल्या आता होणार नाहीत. बाकीच्या होतील.

दुपारी आळीतलं पाणी उतरलं. चिखल राहिला, पण कोणाच्या घरात धान्य भिजलं नाही, आणि एकही जनावर गेलं नाही.

तर दादा, तुझं निम्मं खरं होतं आणि तानाजीचं निम्मं. मला तुझं सगळं खरं हवं होतं. पण आज आळीत चुली पेटल्यात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

कमळ

*

५ ऑक्टोबर

आशालता वहिनी,

तुमच्या नणंदेचा नमस्कार. तुम्ही फोनवर विचारलंत, "तिकडं जाऊन हे नेमकं करतायत काय?" तेव्हा दादा समोरच बसलेला होता, म्हणून मला सांगता आलं नाही. आता लिहिते.

पत्रं तुम्ही वाचून दाखवायचात, हे मला त्याच्याकडून कळलं. "ती वाचायची, मी काय ऐकत नव्हतो," म्हणाला. पण आल्या आल्या अंगणात जाऊन शेवगा बघितला आणि म्हणाला, "सगळ्या शेंगा खाल्ल्यात का?" म्हणजे ऐकत होता.

मंगळवारी सकाळी आला. मला ठाऊकच नव्हतं. मी गाडी घेऊन तुमच्या घरापाशी आले तर तो एसटीतून उतरून पिशवी खांद्याला लावून चालत येत होता. केस पांढरे झालेत त्याचे. मी गाडी थांबवली. त्यानं गाडीकडं बघितलं, धाकलूकडं बघितलं, माझ्या अंगावरचं हिरवं जॅकेट बघितलं. मग म्हणाला, "चालवतीस तर बरी." आणि शेजारी येऊन बसला. मी त्याला विचारलं नाही कुठं जायचंय. फेरी पुरी केली. लोक बादल्या घेऊन बाहेर यायचे आणि त्याला बघून बादली हातातच धरून उभे राहायचे. मग कोणी "कधी आलास?" म्हणायचं. तो "आत्ताच" म्हणायचा. शेवटच्या घरापर्यंत सगळ्या आळीशी त्याचं तेवढं बोलणं झालं.

तानाजी घरी नव्हता, कामावर होता.

फेरी संपल्यावर सुंदरामावशीनं त्याला हाक मारली. मी जरा मागंच थांबले. तुम्हाला माहीत नसेल, पावसानंतर आळीनं दादाच्या भिंतीचे पडलेले दगड उचलून मावशीच्या गोठ्याला उंच जोतं घातलंय, म्हणजे पुन्हा कधी पाणी आलं तर शेळ्या वर राहाव्यात. दादाला विचारलं नव्हतं. मावशीनंच त्याला तिथं उभं केलं आणि म्हणाली, "ही तुजी दगडं हायेत. आमी न विचारता घेतली. पायजे तर ने."

दादा वाकून ते जोतं बघायला लागला. हात फिरवला, एक दगड हलवून बघितला, तो हलला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "हे कुनी रचलं?"

"तानाजीनं आन पोरांनी."

"सांधं एकावर एक आल्यात. एका शेळीनं उडी मारली तर येतंय खाली."

आणि तिथंच शर्ट काढून कामाला बसला, वहिनी. प्रवासातून आलेला माणूस, चहासुद्धा नाही घेतला. मावशीनं आणून ठेवला तो गार झाला. दुपारपर्यंत त्यानं एक अख्खी बाजू उतरवली आणि पुन्हा लावायला घेतली. अकोल्याला गेल्यापासून त्यानं गवंड्याचा ओळंबा हातात धरला नसेल, पण हात विसरलेला नाही.

चारच्या सुमाराला तानाजी आला. वाटेतच कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो घरी न जाता सरळ गोठ्यापाशी आला, डबा हातात तसाच. दोघं एकमेकांकडं बघत होते. मी मावशीच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते, आणि माझे हात थांबले होते.

तानाजी म्हणाला, "उतरवलंस सगळं?"

दादा म्हणाला, "दगड असा लावत्यात व्हय? सांध्यावर सांधा?"

"मी काय गवंडी हाय का."

"मग मला बोलवायचंस."

"तू फोन उचलत न्हवतास."

दादा पुन्हा दगडाकडं वळला. तानाजीनं डबा भिंतीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि दगड उचलून द्यायला लागला. दादा सांगायचा, हा नको, तो चपटा दे. तानाजी तो द्यायचा. अंधार पडेपर्यंत त्यांचं एवढंच बोलणं चाललं होतं, हा नको, तो दे. खोल्या, सभा, अकोला, त्यातलं एक अक्षरही निघालं नाही. मी पहिल्यांदा वाट बघत होते, निघेल म्हणून. मग लसूण संपला आणि मी घरी जाऊन भाकरी टाकल्या. दोघंही जेवायला आमच्याकडंच आले.

आता गोठ्याच्या तीन बाजू झाल्यात. रोज सकाळी दादा तिथं असतो. ओढ्याकडची राहिलेली भिंत आणखी मागं कुठून घ्यायची, तेही दोघं काठी घेऊन जमिनीवर रेघा ओढून बघत असतात. तानाजीला वाटतं इथून, दादाला वाटतं तिथून. आवाज चढतात. आळीतलं कोणी मध्ये पडत नाही.

काल मी विचारलं, दादा, परत कधी निघायचं, मनीष विचारत होता. त्यानं थापी खाली ठेवली नाही. म्हणाला, "शेळ्यांची जागा पुरी होऊ दे."

"आणि मग?"

बराच वेळ दगडावर माल पसरत बसला. मग म्हणाला, "आशाला सांग, अकोल्यापरीस हितं गार हाय. तिला तिकडचं ऊन सोसत न्हाई."

मी म्हटलं, तूच फोन करून ये म्हण की. तर मान हलवली आणि दुसरा दगड उचलला. म्हणून मी लिहिते आहे.

तुमची,
कमळ